२२ एकरांचं आवार सांभाळायला कोणतं प्रशिक्षण घ्यावं?

प्रश्न थोडक्यात असा: बी.एस्सी. उद्यानविद्या झालेल्या एका ताईंना धुळ्याजवळच्या एका शिक्षणसंस्थेत उद्यान पर्यवेक्षक म्हणून नोकरी लागली आहे. आवार २२ एकरांचं. त्यात तीन एकर हिरवळ, एक क्रिकेटचं मैदान, हजारभर झाडं आणि हाताखाली नऊ माळी. संस्था प्रशिक्षणाचा खर्च करायला तयार आहे. कोणता कोर्स करू, कुठे करू आणि किती दिवसांची रजा मागू, असं त्यांनी विचारलं आहे.

ताई, मी सत्तावीस वर्षं जळगाव-धुळ्याकडची आवारं सांभाळली. कारखान्यांची, कॉलेजांची, एका मोठ्या दवाखान्याचंही. त्यावरून आधीच सांगतो, कोर्स जरूर करा, पण पहिलं वर्ष जाऊ द्या. या आखाजीपासून (अक्षय्य तृतीयेपासून) पुढच्या आखाजीपर्यंत आवार तुम्हाला शिकवेल, आणि ते शिकणं जर वहीत उतरवलंत तर नंतर केलेला कोर्स दुप्पट कामाला येईल. आधी कोर्स करून आलात तर तिथे सांगितलेलं आपल्या मातीला लागू पडतं की नाही, हे कळायला तुमच्याकडे मापच नसेल.

हे मी स्वतः महागात शिकलोय. १९९८ च्या जूनमध्ये जळगावच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी तीनशे झाडं लावली. जमीन काळी, भारी. पुस्तकात लिहिलंय तसे तीन बाय तीन बाय तीन फुटांचे खड्डे घेतले, काळी माती बाजूला सारली आणि भुसभुशीत लाल माती, वाळू, शेणखत असं झकास मिश्रण भरलं. आषाढात झाडं तरारली. गणपती बसले तेव्हा पानं गळायला लागली. मला वाटलं रोग आला, बुरशीनाशक ओतलं. आमचे मुकादम आप्पा अमळनेरकडचे, शाळा चौथीपर्यंत. ते एक दिवस पहार घेऊन आले, एका झाडाच्या बुंध्यापासून हातभर अंतरावर पहार मारली आणि हलवून बाहेर काढली. भोकात काळं पाणी वर आलं, नासक्या अंड्यासारखा वास सुटला. आप्पा एवढंच म्हणाले, "भाऊ, हाऊ खड्डा नही, हौद से."

खरंच हौद होता. पावसाळ्यात फुगलेल्या काळ्या मातीतून तासाला जेमतेम काही मिलिमीटर पाणी मुरतं. भुसभुशीत मिश्रणात ते भराभर शिरतं आणि काळ्या मातीच्या चार भिंतींत अडकून बसतं. मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात. त्या वर्षी निम्म्याहून जास्त झाडं गेली. तेव्हापासून काळ्या जमिनीत मी खड्डा रुंद घेतो, खोल नाही. तीच माती शेणखत मिसळून परत भरतो, झाड जमिनीपेक्षा चार बोटं उंचवट्यावर लावतो आणि लावण्याआधी एका खड्ड्यात संध्याकाळी पाणी भरून सकाळी पाहतो. सकाळी पाणी तसंच असेल तर आधी चर काढायचे, झाडं मागाहून.

म्हणून तुमच्या प्रशिक्षणाचा पहिला धडा तुमच्याच आवारात आहे. २२ एकर एकसारखे नसतात. इमारत बांधताना कुठे मुरूम टाकलेला असतो, कुठे पायाची माती पसरलेली असते, कुठे जुना नाला बुजवलेला असतो. आवाराचा नकाशा घ्या, त्यावर दहा-बारा ठिकाणं ठरवा आणि प्रत्येक ठिकाणी दोन फूट खणून बघा. माती किती खोल, मुरूम कुठे लागला, चुनखडीचे पांढरे खडे दिसतात का. मातीचे आणि बोअरच्या पाण्याचे नमुने तपासून घ्या. जिल्हा मृद चाचणी प्रयोगशाळा आहे, धुळ्याच्या कृषी विज्ञान केंद्रातही चौकशी करा. नमुना खत टाकल्यावर लगेच घेऊ नका आणि ओल्या मातीचा देऊ नका.

अहवालात पीएच आठच्या वर आणि चुनखडी भरपूर असं आलं तर नवल मानू नका, खानदेशात ते नेहमीचंच. पण त्याचा अर्थ लक्षात ठेवा. एक्झोरा, अनंत, बॉटलब्रश यांची कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा मात्र हिरव्या राहतात. माळी युरिया टाकतात, पान तसंच राहतं. ही लोहाची कमतरता असते. लोह मातीत असतं, पण चुनखडीमुळे झाडाला घेता येत नाही. साधं फेरस सल्फेट मातीत टाकलं तर तेही तसंच अडकतं. फवारणीतून द्यायचं, नाहीतर ईडीडीएचए प्रकारचं चिलेट (लोहाला धरून ठेवून ते अडकू न देणारं संयुग) जमिनीतून द्यायचं. दुकानात सहज मिळणारं ईडीटीए चिलेट एवढ्या पीएचला टिकत नाही. त्याहून बरा उपाय म्हणजे अशा मातीत एक्झोराचं कुंपण लावूच नये.

आता पाणी. धुळे-जळगावच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको, पण आवाराचा हिशोब करून ठेवलेला पर्यवेक्षक मी क्वचितच पाहिलाय. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा हरळीच्या हिरवळीला दिवसाला साधारण सहा मिलिमीटर धरा. एकराचे चार हजार चौरस मीटर, म्हणजे रोज चोवीस हजार लिटर. तुमच्या तीन एकरांना बहात्तर हजार. दहा हजारांचा टँकर धरला तर रोज सात टँकर. हा आकडा लिहून प्राचार्यांसमोर ठेवा. तीन एकर हिरवळ ठेवायची की एक एकर चांगली ठेवून दोन एकरांत कडुनिंब, करंज, बहावा लावायचे, हा निर्णय त्या आकड्यावरून आपोआप पुढे सरकतो.

तुषार सिंचन असेल तर आणखी एक परीक्षा घ्या. कँटीनमधून एकाच मापाचे सोळा स्टीलचे पेले मागून आणा. हिरवळीवर चौकटीत, सारख्या अंतरावर ठेवा. पंधरा मिनिटं तुषार चालवा. मग इंजेक्शनच्या मोठ्या सिरिंजने प्रत्येक पेल्यातलं पाणी मोजा आणि नकाशावर त्या त्या जागी लिहा. सगळ्यांत कमी भरलेल्या चार पेल्यांची सरासरी काढा आणि तिला सोळा पेल्यांच्या सरासरीने भागा. उत्तर पाऊण म्हणजे ०.७५ च्या आसपास आलं तर ठीक. मी एका कॉलेजात मोजलं तेव्हा ०.४ आलं होतं. म्हणजे सुकलेल्या कोपऱ्याला पुरेसं पाणी मिळावं म्हणून बाकीची हिरवळ दुपटीने भिजवली जात होती, आणि सगळे जण माळ्याला दोष देत होते. दोष नोझलांचा होता, वेगवेगळ्या मापांची बसवलेली होती. आणि काळ्या जमिनीवर तुषार सलग तासभर चालवू नका. वरचं पाणी वाहून रस्त्यावर येतं. दहा मिनिटं चालवा, अर्धा तास थांबा, पुन्हा दहा मिनिटं. त्यानंतर खुरप्याने पाहा. आप्पा पाईप बंद केल्यावर नेहमी बोट खुपसून बघायचे, "वरनी माटी वली से, खाल कोरडीच से" म्हणायचे आणि पुन्हा व्हॉल्व्ह उघडायचे. वाफसा, म्हणजे मातीत ओल आणि हवा बरोबर जमल्याची वेळ, ओळखणारा माळी हा तुमच्या हाताखालचा सगळ्यांत मोठा तज्ज्ञ असतो. तो कोण आहे, हे पहिल्या महिन्यातच शोधा.

पाण्याच्या पाळीसाठी तुम्हाला लांब जायची गरज नाही. तुमच्या जवळून पांझरा वाहते. तिच्यावरच्या बंधाऱ्यांची फड पद्धत शेकडो वर्षं चालली. लाभक्षेत्राचे फड, म्हणजे भाग, पाडलेले, एका फडात एकच पीक, आणि पाणी सोडायचं काम फक्त पाटकऱ्याचं. आवारातही मी तेच केलं. हिरवळीचे, झाडांचे, कुंड्यांचे वेगळे फड, प्रत्येकाची पाळी फळ्यावर लिहिलेली, आणि व्हॉल्व्हला हात लावणारा माणूस एकच. नऊ जण व्हॉल्व्ह उघडतात तिथे कोणीच पाणी देत नसतं. ताई, एक रविवार काढा आणि पांझरेवरचा एखादा जुना बंधारा आणि पाट बघून या. पाटकऱ्यांच्या घरातली म्हातारी माणसं अजून भेटतात, त्यांच्याशी बोला.

ठिबक असेल तर ड्रिपर बुंध्यापासून दूर सरकवत न्या. झाड दहा वर्षांचं झालं तरी नळीचं कडं खोडाला चिकटलेलं असतं, हे मी ज्या आवारात जातो तिथे दिसतं. पाणी पिणारी मुळं घेराच्या कडेला गेलेली असतात आणि बुंधा मात्र कायम ओला राहून कुजतो. बोअरचं पाणी जड असेल तर ड्रिपर क्षारांनी बंद होतात. ॲसिड ट्रीटमेंट, म्हणजे नळ्यांतून पातळ ॲसिड सोडून क्षार विरघळवणं, शिकून घ्या आणि ती स्वतः उभं राहून करवून घ्या. पाण्यात ॲसिड सोडायचं, ॲसिडवर पाणी ओतायचं नाही.

आता कोर्सकडे येतो. तुमची पदवी झाली आहे, त्यामुळे आयटीआयचा फुलशेती आणि लँडस्केपिंगचा एक वर्षाचा ट्रेड किंवा मुक्त विद्यापीठाची फुलशेती आणि प्रांगण उद्यानाची पदविका तुम्हाला नवं फार देणार नाही. पण तुमच्या माळ्यांपैकी जो तरुण वाचता-लिहिता आहे त्याला त्यात जरूर घाला. कृषी कौशल्य परिषदेचा 'माळी' या कामासाठी ठरवलेला अभ्यासक्रम आहे. ज्यांना काम येतं पण कागद नाही, त्यांच्यासाठी पूर्वानुभवाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र द्यायची सोय आहे. हे तुमच्या स्वतःच्या कोर्सपेक्षा मी महत्त्वाचं मानतो, कारण सांगतो.

ठेकेदाराच्या हजेरीपटावर माळी बहुतेक ठिकाणी 'अकुशल' असतो. किमान वेतनात अकुशल, अर्धकुशल, कुशल असे दर वेगळे आहेत. झाडाची फांदी कुठे कापायची हे ओळखणारा, फवारणीचं प्रमाण मोजणारा, मशीनचं पातं लावणारा माणूस अकुशल कसा? पण प्रमाणपत्र नसेल तर तुम्ही भांडणार कशावर? मी एका संस्थेत सहा माळी तयार केले. तीन वर्षं लागली. अकरा महिन्यांनी ठेकेदार बदलला, नव्या ठेकेदाराने आपली माणसं आणली, आणि सहाच्या सहा जण गवंड्याच्या हाताखाली गेले. त्या पावसाळ्यात नव्या लोकांनी हेज कटरने बहाव्याचे शेंडे सपाट छाटले. मला अजून ते डोळ्यांसमोर दिसतं. पुढच्या नोकरीत मी निविदेतच अट घालून घेतली: इतके माळी कुशल श्रेणीतले, प्रमाणपत्रासह, आणि ठेकेदार बदलला तरी तीच माणसं राहतील. निविदेचा मसुदा लिहिता येणं हाही तुमच्या प्रशिक्षणाचा भाग आहे. तो कोणत्याही उद्यानाच्या कोर्समध्ये शिकवत नाहीत. संस्थेच्या लेखा विभागातल्या माणसाजवळ बसून शिका.

तुमच्यासाठी मी तीन गोष्टी सुचवेन. पहिली, ठिबक-तुषारच्या आराखड्याचं तांत्रिक प्रशिक्षण. जळगावात जैन इरिगेशनसारखी कंपनी दारात आहे, तिथे शेतकरी आणि तंत्रज्ञांसाठी प्रशिक्षणं होतात. दाब, प्रवाह, पाईपमधली दाबाची घट यांची गणितं नीट शिकून या. कंपनीचा जैन हिल्स परिसर आणि बांभोरीजवळचं विद्यापीठाचं आवार हेही पाहून या. उघड्या माळावर बांध-चर घालून आधी पाणी थांबवलं आणि मग झाडं उभी केली, तर काय होतं ते तिथे समजतं.

दुसरी, झाडांची छाटणी आणि धोक्याची पारख. यात आपल्याकडे फार मोठी उणीव आहे. आपण फळबागेची छाटणी शिकतो, सावलीच्या मोठ्या झाडाची नाही. वृक्षतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेची 'सर्टिफाइड आर्बरिस्ट' परीक्षा भारतातूनही देता येते, तिला साधारण तीन वर्षांचा अनुभव लागतो आणि दर तीन वर्षांनी नवं शिक्षण दाखवून ती चालू ठेवावी लागते. आत्ताच फॉर्म भरू नका, पण अभ्यास सुरू करा. अमेरिकेतले ॲलेक्स शायगो यांनी हजारो झाडं उभी चिरून दाखवून दिलं की झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही, झाड ती आतून भिंत घालून वेगळी पाडतं. त्यामुळे कापायची जागा फार महत्त्वाची. फांदी खोडाला मिळते तिथे फुगीर, सुरकुतलेली कड असते. ती कड राखून, तिच्या बाहेर कापायचं. खोडाला चाटून कापलं तर कड जाते, हातभर खुंट ठेवला तर तो कुजून कीड आत नेतो.

जड फांदी असेल तर तीन काप. पहिला खालून, खोडापासून हातभर अंतरावर, एक तृतीयांश जाडीपर्यंत. दुसरा वरून, त्याच्या थोडा पुढे. फांदी तिथून तुटून पडते आणि साल खोडापर्यंत ओरबाडली जात नाही. मग उरलेला खुंट कडेबाहेर सावकाश. एखाद्या वाळलेल्या सुबाभळीवर माळ्यांकडून पाच-सहा वेळा करून घ्या, मगच त्यांना कडुनिंबावर पाठवा. आणि शहरी हद्दीत असाल तर परवानगीशिवाय झाड तोडू देऊ नका. महाराष्ट्र नागरी क्षेत्र झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम १९७५ चा आहे, २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसावृक्ष म्हणून वेगळं संरक्षण मिळालं. बांधकाम विभागाचे लोक तोंडी सांगतात, 'काढून टाका.' तुम्ही लेखी मागा.

तिसरी गोष्ट आवार-व्यवस्थापनाची. अमेरिकेत आवार-व्यवस्थापकांची संघटना १९११ पासून आहे, इंग्लंडमध्ये मैदान सांभाळणाऱ्यांची १९३४ पासून. त्यांचे प्रमाणपत्र अभ्यासक्रम आहेत. त्यातली बरीच गवतं थंड हवेची, आपल्याला ती निरुपयोगी. पण निगेच्या पातळ्या ठरवायची पद्धत उचलण्यासारखी आहे. सगळं आवार एकसारखं चकाचक ठेवायचं नसतं. मुख्य दरवाजा आणि प्रशासकीय इमारत पहिल्या पातळीवर, वर्गखोल्यांचा परिसर दुसऱ्या, वसतिगृहामागचा भाग तिसऱ्या, आणि नाल्याकाठ तर जवळजवळ तसाच सोडून द्यायचा, तिथे बाभूळ, हिवर, अंजन आपोआप वाढू द्यायचं. प्रत्येक पातळीला किती माणूस-तास लागतात ते घड्याळ लावून मोजा. नऊ माळी पुरतात की तेरा लागतात, हे त्यातून निघेल.

क्रिकेटच्या मैदानाचं थोडक्यात. बीसीसीआय क्युरेटरांसाठी, म्हणजे खेळपट्टी तयार करणाऱ्यांसाठी, प्रमाणपत्र परीक्षा घेते, पण तुमच्या कॉलेजला तेवढी गरज नाही. जिल्ह्यातल्या एखाद्या जाणत्या क्युरेटरबरोबर दोन सामने खेळपट्टी तयार करताना उभ्या राहा. आपली काळी माती खेळपट्टीला उत्तमच, रोलर फिरवायची वेळ ओलीवरून ओळखायची, तेवढं हाताला लागलं की झालं.

सुरक्षेबद्दल मात्र घाई करू देणार नाही. एका आवारात ब्रश कटरखालून उडालेला खडा आमच्या एका माळ्याच्या डोळ्यात गेला. चष्मे स्टोअरमध्ये होते, नवे, पाकिटात. त्यांनी मागितले नाहीत आणि मी हातात दिले नाहीत. उजव्या डोळ्याची नजर परत आली नाही. तेव्हापासून माझ्याकडे नियम एकच: मशीनची चावी आणि चष्मा एकाच खिळ्याला. चष्म्याशिवाय चावी निघत नाही. फवारणीचंही तसंच. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना किती जीव गेले ते आपण वाचलंय. डब्यावरच्या त्रिकोणाचा रंग माळ्यांना ओळखता आला पाहिजे: लाल सगळ्यांत विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. शिक्षणसंस्थेच्या आवारात लाल आणि पिवळ्या त्रिकोणाचं औषध आणूच नका. एप्रिल-मे मध्ये काम सकाळी सहा ते साडेदहा आणि संध्याकाळी साडेचारनंतर, यासाठी संस्थेकडून लेखी आदेश घ्या. पालापाचोळ्याच्या ढिगात हात घालायचा नाही, आधी दाताळ्याने ओढायचं. घोणस आणि फुरसं पाचोळ्याच्याच रंगाचं असतं.

माळ्यांचं प्रशिक्षण वर्गात बसवून होत नाही. दर सोमवारी सकाळी अर्धा तास, झाडाखाली, एका आठवड्याला एकच गोष्ट. तुम्ही करून दाखवा, मग त्यांना करायला लावा, मग त्यांच्यातल्याच एकाला बाकीच्यांना दाखवायला लावा. अहिराणीत बोलू द्या, तुम्हीही बोला. ज्या दिवशी माळी तुम्हाला 'ताई, हाई चुकनं' असं तोंडावर सांगेल, त्या दिवशी तुमचं प्रशिक्षण मार्गी लागलं समजा.

झाडांच्या निवडीबद्दल विचारलेलं नाही, तरी सांगतो. रोपवाटिकेवाले कोनोकार्पस दाखवतील, वर्षात भिंत होते म्हणतील. गुजरातने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली आहे, नंदुरबारच्या सीमेपलीकडे. नका लावू. धुळ्यात जानेवारीत थंडी सहा अंशांच्या खाली येते आणि मेमध्ये ऊन भाजून काढतं, दोन्ही सोसणारं झाड हवं. थंडीत हरळी तपकिरी होईल, तेव्हा घाबरून युरिया टाकू देऊ नका. ती झोपलेली असते, होळीनंतर उठते.

राहिला रजेचा प्रश्न. मार्च ते जुलै एक दिवसही बाहेर राहू नका: आधी पाणी, मग लागवड. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तण आणि कापणी असते. ठिबकचं प्रशिक्षण दिवाळीनंतर आठवडाभरात उरकेल. जानेवारीत पंधरा दिवस मागा, त्या वेळी हिरवळ वाढत नाही, पाणीही कमी लागतं. छाटणीचं प्रशिक्षण तेव्हा घ्या, आणि २६ जानेवारीच्या सुमारास पुण्यात एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन असतं, तिथे दोन माळ्यांना सोबत घेऊन जा. त्यांचा प्रवासखर्च संस्थेच्या प्रशिक्षणाच्या रकमेतूनच मागा, वेगळा नाही.